'असे समजते': पन्नाशीच्या दशकातील मराठी दैनिकांतल्या एका क्रियापदाचा माग (प्रकल्प नोंदी)

५ फेब्रुवारी

शब्द ठरला: समजते. कालखंड १९५० ते १९६२. शोधायचे ते एवढेच की बातमीच्या वाक्याअखेरीस येणारे 'असे समजते' तेव्हा कोणकोणती कामे करत होते, आणि माहिती कोणाला होती हे ते किती झाकत होते.

शब्द रोजचाच आहे, म्हणून मोजायला सोपा वाटतो. प्रत्यक्षात 'समज' एवढाच धागा धरून शोध घेतला की जाळ्यात नको ते मासे येतात. 'पोलिसांनी कडक समज दिली', 'गैरसमज', 'अर्ज रद्द समजण्यात येईल', आणि जाहीर नोटिशीतले ते कायमचे वाक्य, 'कोणाचीही हरकत नाही असे समजून व्यवहार पुरा करण्यात येईल'. जाहिराती, नोटिशी, टेंडरे आणि बाजारभावांचे रकाने मोजणीतून आधीच वगळायचे. मोजायच्या त्या बातम्या, वार्तापत्रे आणि अग्रलेख. अग्रलेखांची फाइल वेगळी ठेवायची, कारण तिथे हाच शब्द वेगळ्या अर्थाने येतो (खाली १८ मार्चची नोंद).

९ फेब्रुवारी

अंक निवडणे. सलग एक महिना घेतला तर त्या महिन्यातले एखादे प्रकरणच सगळे आकडे ओढून नेते. म्हणून 'बांधलेला आठवडा': वर्षभरातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठी टाकून एक सोमवार, सगळ्या मंगळवारांतून एक मंगळवार, असे सात वार. वर्षाला असे दोन आठवडे, म्हणजे १४ अंक.

वर्षे पाच: १९५०, १९५३, १९५६, १९५९, १९६२. 'सकाळ' (१९३२ पासून) आणि 'लोकसत्ता' (१४ जानेवारी १९४८ पासून) पाचही वर्षांत आहेत, तेव्हा ५ × १४ × २ = १४० अंक. 'मराठा' निघाला १५ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्या वर्षाचे त्याचे फक्त ४७ दिवस मिळतात आणि तेही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या ऐन धुमाळीतले. त्यातून १४ अंक काढले तर वर्षाचा नमुना न होता दीड महिन्याचा होतो. म्हणून 'मराठा' १९५९ आणि १९६२ पुरताच, २८ अंक. 'महाराष्ट्र टाइम्स' १८ जून १९६२ पासून, त्याचे १४ अंक उत्तरार्धातले; ते तुलनेत न मिसळता बाजूला ठेवायचे. एकूण १८२.

'केसरी' मुद्दाम घेतलेला नाही. पन्नाशीच्या दशकात तो दैनिक नव्हता, ठरावीक वारीच निघे. शिळी झालेली बातमी तो सारांशाने देई, आणि सारांशात 'समजते' आपोआप गळते. दैनिकाशी त्याची तुलना म्हणजे गाडी आणि बैल वेगवेगळ्या गावचे.

सणाच्या दुसऱ्या दिवशी अंक नसतो. अशी तारीख चिठ्ठीत आली तर पुढचा तोच वार घ्यायचा. शेजारचा दिवस घ्यायचा नाही, नाहीतर वारांचा तोल बिघडतो.

१४ फेब्रुवारी

स्कॅन. इथे सगळा जीव अनुस्वारात आहे. त्या काळचे लेखन 'असें समजतें' असे, दोन्ही शब्दांवर टिंब. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये आले (त्यांत ४ ची भर १९७२ मध्ये) आणि त्यांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. म्हणजे आपला बहुतेक मजकूर टिंबांचा आहे आणि शेवटचे वर्ष सांध्यावरचे.

टिंब ०.४ मिमीचे धरले तर १५० डीपीआयवर (म्हणजे इंचाला १५० ठिपके) ते जेमतेम दोन पिक्सेलचे उरते, ३०० वर पाच, ४०० वर सहा. वर्तमानपत्री कागद पिवळा आणि पातळ. मागच्या पानाची शाई पुढे दिसते. त्यामुळे ४०० डीपीआय, करड्या छटांत, मागे काळा कागद ठेवून. पांढऱ्या-काळ्यात थेट स्कॅन करू नये.

आणखी एक सापळा: स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधले 'ठिपके काढा' हे बटण. ते धूळ म्हणून अनुस्वारच पुसते. ते बंद ठेवायचे. त्यामुळे कागदावरची खरी धूळ राहते आणि कुठे 'समजते'वर नसलेले टिंब बसते. पण तो दोष डोळ्यांनी पकडता येतो, पुसलेले टिंब परत आणता येत नाही.

मायक्रोफिल्मवरून आलेल्या प्रती वेगळ्या खुणेने नोंदवायच्या. ३५ मिमीच्या फितीवर पूर्ण पान बसवताना पानाची कड वाकलेली असेल, तर कडेच्या रकान्यांतली टिंबे आधीच गेलेली असतात.

१९ फेब्रुवारी

ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातून यंत्राने अक्षरे वाचणे. आधी पान रकान्यांत कापायचे, मग वाचायला द्यायचे. अख्खे पान दिले की यंत्र शेजारच्या रकान्यात उडी मारते, आणि एका बातमीचे कर्म दुसऱ्या बातमीच्या क्रियापदाला चिकटते. आपले क्रियापद वाक्याच्या टोकाला असल्याने त्याला याचा फटका सर्वांत जास्त.

टेसेरॅक्ट या ओसीआर-प्रणालीचे मराठी प्रारूप मुख्यतः आजच्या लेखनावर शिकलेले आहे. अंधुक टिंब दिसले तर ते 'समजते' हे ओळखीचे रूप पसंत करते. म्हणजे टिंब नसण्याची तीन कारणे झाली: छापतानाच उमटले नाही (खिळ्याचा वरचा भाग झिजला की असे होते), स्कॅनमध्ये गेले, किंवा यंत्राने सुधारून दिले. चौथे कारण, लिहिणाऱ्यानेच दिले नाही, हे पहिली तिन्ही बाद केल्याशिवाय मांडायचे नाही. प्रत्येक नोंदीला त्या शब्दाचे कापलेले चित्र जोडायचे. दुसरा उपाय नाही.

शोधाच्या बाजूचे दोन दोष. पहिला: युनिकोडमध्ये आधी मात्रा (०९४७) आणि मग अनुस्वार (०९०२) असा क्रम हवा. काही फायलींत तो उलटा येतो, पडद्यावर पुष्कळदा सारखाच दिसतो, आणि शोधाला सापडत नाही. प्रमाणीकरणाची नेहमीची आज्ञा हा क्रम बदलत नाही. स्वतंत्र अदलाबदल लिहावी लागते. दुसरा: अरुंद रकान्यात शब्द ओळीअखेर तुटतो, 'सम' वर आणि 'जतें' खाली, कधी मध्ये आडवी रेघ असते, कधी तीही नाही. ओळी जोडून मगच शोधायचे, आणि जोडताना मूळ ओळ क्रमांक जपायचा, नाहीतर चित्राशी मेळ बसत नाही.

२६ फेब्रुवारी

शब्दाच्या आजूबाजूचा मजकूर दाखवणाऱ्या तक्त्यात डावी-उजवी बाजू सारखी ठेवायची सवय बदलली. मराठीत हे क्रियापद शेवटी. उजवीकडे पुढच्या बातमीचे पहिले दोन शब्द दिसतात, त्यांचा उपयोग शून्य. आता डावीकडे २५ शब्द, उजवीकडे ५. पाच तरी का, तर 'असें समजतें कीं,' ही दुसरी रचना पकडायला. तिथे बातमी उजवीकडे असते. 'की/कीं' सापडला की तो तक्ता आपोआप उलटा करायचा.

या दोन रचनांत वाचकाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. (खालची वाक्ये जुळवलेली आहेत, कोणत्याही अंकातली नाहीत.)

'मंत्रिमंडळांत लवकरच फेरबदल होऊन दोन नवे मंत्री घेण्यांत येतील असें समजतें.'

'असें समजतें कीं, मंत्रिमंडळांत लवकरच फेरबदल होतील.'

पहिल्यात वाचक आठ-नऊ शब्द खरी बातमी म्हणून वाचतो आणि शेवटच्या दोन शब्दांत कळते की ही ऐकीव. दुसऱ्यात सावधगिरी दारातच भेटते. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी तारेत 'इट इज लर्न्ट' हे वाक्याच्या डोक्यावर असते. शब्दाला शब्द अनुवाद केला तर 'असें समजतें कीं' येते, वाक्य मराठी वळणावर नेले तर ते शेपटाला जाते. पीटीआय या वृत्तसंस्थेची सेवा फेब्रुवारी १९४९ पासून सुरू झाली, तीही इंग्रजीत. उपसंपादक रात्री टेबलावर तिचे मराठी करी. तेव्हा 'कीं'ची रचना अनुवादाचा वास देते का, हे बातमीच्या डोक्यावरच्या उल्लेखाशी ताडून पाहायचे: तारेची बातमी, की '(आमच्या बातमीदाराकडून)'.

एक मोह टाळायचा: 'लर्न्ट' म्हणजे 'कळते' आणि 'अंडरस्टुड' म्हणजे 'समजते' अशी जोडी मानून अनुवाद उलटा शोधायचा नाही. घाईच्या टेबलावर हे दोन मराठी शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. 'कळते'ची वेगळी फाइल असावी, तुलनेला उपयोगी पडते.

४ मार्च

या प्रकल्पातली सर्वांत अडचणीची गाठ. 'समजते'ला दोन धनी आहेत. एक, निनावी: असे ऐकिवात आहे. दुसरा, नावाचा: अमुक संस्था असे मानते.

जुन्या लेखनात टिंब इथे मदतीला येते. 'समिती असें समजते कीं, प्रश्न सुटला' यात समिती स्त्रीलिंगी, म्हणून 'समजते' बिनटिंबाचे. 'समिती बरखास्त होईल असें समजतें' यात कर्ता नाही, क्रियापद नपुंसकलिंगी, म्हणून टिंब. एका ठिपक्यावर अर्थ फिरतो. १९६२ नंतर दोन्ही रूपे एकच झाली आणि ही खूण कायमची गेली. अनुस्वार काढण्यात मराठीने बरेच कमावले असेल, पण इथे तोटाच आहे.

मात्र टिंबावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण वर्तमानपत्रांचे लाडके कर्ते नपुंसकलिंगीच निघतात: सरकार, मंत्रिमंडळ, शिष्टमंडळ. 'सरकार असें समजतें कीं' यातही टिंब आहे आणि अर्थ 'मानते' असाच आहे. म्हणून कसोटी अदलाबदलीची: 'मानतें' घालून वाक्य तगले तर खूण 'मा'; 'ऐकिवात आहे' घालून तगले तर खूण 'ऐ'. दोन्ही तगली तर 'दु' (दुविधा), आणि ती नोंद, खुणा देणाऱ्या दोन वाचकांखेरीज, तिसऱ्या वाचकाकडे. आणखी एक खूण 'आ', साध्या आकलनाची: 'त्याला इंग्रजी समजते'. ही बातमीत विरळ, पण न्यायालयाच्या वार्तांकनात साक्षीदाराच्या तोंडी हमखास येते.

११ मार्च

'ऐ' खुणेच्या नोंदींना आता दुसरा रकाना: कळले कोणाला, कोठून. चार प्रकार पुरतात.

रिकामे: नुसते 'असें समजतें'.

बातमीदार: 'आमच्या बातमीदारास असें समजतें'. इथे चतुर्थीतला माणूस परत येतो, निदान कळणारा कोण ते सांगितलेले असते.

गोट: 'विश्वसनीय गोटांतून', 'अधिकृत गोटांतून', 'माहितगार गोटांतून'. गोट म्हणजे मुळात लष्कराची छावणी. राजकीय बातमीत तो शब्द काय नेमका बसला होता! 'वर्तुळांत' हे याचे इंग्रजी वळणाचे भावंड, याच नोंदीत घालायचे. आजचे 'सूत्रांकडून' शोधयादीत ठेवले आहे, पण त्याच्यावरून जुनी फाइल मोजू नये.

विशेषण: 'खात्रीलायक समजतें', 'विश्वसनीयरीत्या समजतें'. यात माणूस नाही, गोट नाही, फक्त खात्रीचा शिक्का आहे. ही नोंद 'रिकामे'मध्ये मिसळायची नाही. स्रोत न देता वजन वाढवण्याची ही युक्ती असल्याने ती स्वतंत्र मोजण्यासारखी आहे.

'असेंही समजतें' आले तर मागे पाहायचे. 'ही' सांगते की आधीचे वाक्यही ऐकीवच होते, जरी तिथे 'समजतें' छापलेले नसले तरी.

१८ मार्च

वाक्य एक, सावली किती? परिच्छेदात तीन विधाने आणि तिसऱ्याअखेर 'असें समजतें' असेल तर पहिली दोन ऐकीव धरायची का? नियम: खूण फक्त त्या वाक्यापुरती. अपवाद दोन: 'असेंही', आणि अर्धविरामांनी जोडलेले लांब वाक्य, कारण तिथे पूर्णविरामच शेवटी आहे. परिच्छेदभर सावली धरली की मोजणाऱ्याचा अंदाज आकड्यात शिरतो.

अग्रलेखात 'समजते' बहुधा 'मा' खुणेचे, आणि त्यात उपरोध भरलेला: 'सरकार जनतेला काय समजते?' बातमी आणि अग्रलेख एकत्र मोजले असते तर 'मा' विनाकारण फुगले असते.

'समजू शकले नाही' (आगीचे कारण, मृताचे नाव) हे वेगळ्याच जातीचे. इथे वर्तमानपत्र आपल्याला माहीत नाही हे उघड कबूल करते. 'ऐ'चे नकारार्थी रूप म्हणून ते मोजू नये.

२५ मार्च

दोन वाचकांचा मेळ. दोघांनी एकाच १०० नोंदी स्वतंत्रपणे वाचायच्या, एकमेकांशी न बोलता. नुसती टक्केवारी फसवते. समजा (हाही त्याच धातूचा!) दोघांनीही ७० नोंदींना 'ऐ' आणि ३० ना 'मा' दिले, आणि ८६ ठिकाणी एकमत झाले. योगायोगाने होणारे एकमत ०.७ × ०.७ + ०.३ × ०.३ = ०.५८. मग कोहेनचा कप्पा (योगायोग वजा जाता उरलेल्या एकमताचे माप) = (०.८६ − ०.५८) ÷ (१ − ०.५८) = ०.६७. ८६ टक्के ऐकायला भक्कम, ०.६७ कामचलाऊ. ०.८० च्या खाली आले तर मतभेदाच्या नोंदी काढून नियम नीट करायचा आणि नव्या १०० नोंदींवर पुन्हा. त्याच नोंदी वापरल्या तर वाचकांना उत्तरे पाठ झालेली असतात.

मतभेद कुठे होतात ते आधीच दिसते: कर्ता दूर पडलेल्या लांब वाक्यात. 'काँग्रेस कार्यकारिणी' ओळ एकवर, 'समजते' ओळ सहावर. अशा वेळी टिंबाचे चित्र आधी पाहायचे, मग वाक्य.

२ एप्रिल

मथळे. बातमीत 'असें समजतें' आणि मथळ्यात काय? मथळ्याला जागा चार-पाच शब्दांची, तिथे हे दोन शब्द परवडत नाहीत. पर्याय तीन: प्रश्नचिन्ह ('मंत्रिमंडळांत फेरबदल?'), 'शक्यता' हा शब्द, किंवा सरळ 'मंत्रिमंडळांत फेरबदल होणार'. तिसऱ्यात शंका गळून पडते. प्रत्येक 'ऐ' नोंदीला मथळ्याची खूण द्यायची: 'शंका राहिली' किंवा 'शंका गळली'. पानाचे चित्र लागते, कारण ओसीआरला मथळ्याचे मोठे जाड अक्षर बातमीपासून तोडायची खोड आहे, आणि प्रश्नचिन्ह तर ते हमखास हरवते.

'म्हणे' मथळ्यात आले तर ते वेगळे नोंदवायचे. 'म्हणे'त टोमणा असतो, 'समजते'त नसतो.

९ एप्रिल

बांधलेल्या आठवड्याला जोड म्हणून एक घटना-संच: ३० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर १९५५, दोन्ही टोके धरून ११ दिवस. राज्य पुनर्रचना आयोगाने (फाजल अली, हृदयनाथ कुंझरू, क. मा. पणिक्कर) अहवाल ३० सप्टेंबरला सरकारला दिला, प्रसिद्ध झाला १० ऑक्टोबरला. मधल्या काळात कागद तयार होता आणि वाचकाच्या हातात नव्हता. 'समजते'ला याहून चांगले हवामान मिळणे कठीण. शिवाय पडताळा तयार आहे: दहा तारखेचा अहवाल समोर ठेवायचा आणि आधीची विधाने एकेक करून लावून पाहायची.

पण 'खरे ठरले' हा एकच रकाना ठेवला तर घोळ होतो. आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले, आणि मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ धरून द्विभाषिक मुंबई. पुढे १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला जे आले ते विदर्भासकट मोठे द्विभाषिक. म्हणजे 'वेगळ्या विदर्भाची शिफारस आहे असें समजतें' हे विधान अहवालाशी जुळते, घडलेल्याशी जुळत नाही. रकाने दोन हवेत: 'कागदाशी जुळते' आणि 'पुढे घडले'. बातमीदाराला गुण द्यायचे ते पहिल्यावर. दुसरा राज्यकर्त्यांचा हिशेब.

१६ एप्रिल

१९६२ च्या अंकांना एक इशारा. चीनशी युद्ध २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर. २६ ऑक्टोबरला आणीबाणी. सीमेवरच्या बातम्या सरकारी पत्रकांतून येत, त्यामुळे तिथे 'सरकारी प्रवक्त्याने सांगितले' वाढणे आणि 'समजते' घटणे यात छापखान्यातली शैली बदलली असे काही नाही. चिठ्ठीत त्या काळातला अंक आला तर ठेवायचा, पण खूण करून. उलट त्याच दिवसांत मंत्रिमंडळाच्या बातम्यांना 'समजते'ची वाट मोकळी होती: कृष्ण मेनन ७ नोव्हेंबरला मंत्रिमंडळातून बाहेर पडले, यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली २१ नोव्हेंबरला. एकाच अंकात युद्धाचे पान आणि राजकारणाचे पान वेगळे मोजायचे.

२३ एप्रिल

कायद्याची बाजू, कारण 'समजते' म्हणजे ढाल असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या (ती जून २०२४ अखेरपर्यंत लागू होती) ४९९ व्या कलमात बदनामीकारक आरोप करणारा आणि छापणारा दोघेही येत. 'असे ऐकले' म्हणून छापले तरी छापणारा सुटत नसे. खरी ढाल मिळाली ती संसदेच्या वृत्तांतांना: खासदार फिरोज गांधींच्या विधेयकातून आलेल्या १९५६ च्या कायद्याने संसदेच्या कामकाजाचा मुळाशी खरा आणि द्वेषबुद्धी नसलेला वृत्तांत छापायला संरक्षण दिले. तेव्हा व्यक्तीवरच्या आरोपाच्या बातमीत १९५६ नंतर 'लोकसभेत सांगितले' हे 'समजते'ची जागा घेते का, हे दिल्लीहून आलेल्या (डोक्यावर दिल्ली आणि तारीख असलेल्या) बातम्यांत स्वतंत्र पाहायचे. मुंबई विधानसभेच्या बातम्या या गटात घालायच्या नाहीत. तो कायदा संसदेपुरता होता.

३० एप्रिल

अंतिम फाइलचे रकाने पक्के केले: दैनिक, तारीख, पान, रकाना, ओळ, रूप (टिंब आहे / नाही / वाचता येत नाही), टिंब नसण्याचे कारण, खूण (ऐ, मा, आ, दु), रचना (शेवटी / 'कीं'च्या आधी), कोणाला कळले, बातमीचा उगम (तार, बातमीदार, उल्लेख नाही), मथळा, शब्दाचे चित्र.

एकक बातमी हेच. ओसीआरने तुटलेल्या मजकुरात एका शब्दाचे तीन होतात, म्हणून दर दहा हजार शब्दांचा दर फसवा. 'निदान एकदा "ऐ" आलेल्या बातम्या ÷ एकूण बातम्या' हा हिशेब तुटक्या अक्षरांतही टिकतो. एकूण बातम्या मात्र पानावरून हाताने मोजायच्या. चौकटीतली दोन ओळींची बातमी हीही एक बातमी, आणि आतल्या पानावर 'पान १ वरून पुढे' आलेला तुकडा ही नवी बातमी नाही. त्या तुकड्यातच पुष्कळदा 'असें समजतें' दडलेले असते, त्यामुळे तो पहिल्या पानावरच्या मूळ बातमीला जोडल्याशिवाय तो अंक बंद करायचा नाही.